साडेपाच ते साडेसहा

प्लास्टर घट्ट झालं, साचा ठशातून सुटला, आणि मास्तरनं तो सवयीनं खिडकीच्या उजेडाकडे धरला. खालचा जबडा. चौदा दात. पुढचे चार एकमेकांना खेटलेले, त्यांतला एक मागे सरकून उभा, गर्दीत अंग चोरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. डावीकडे सहाव्या जागी कॅप. कॅपच्या माथ्यावर मधोमध खाच, आणि खाचेला आतल्या बाजूनं फुटलेला एक बारीक फाटा. दाढेला असा फाटा या शहरात एकच माणूस काढत असे, आणि तो माणूस आत्ता साचा हातात धरून खिडकीपाशी उभा होता. बावीस वर्षांपूर्वी त्यानं ही कॅप बायकोसाठी केली होती. एका दाढेला तीन दिवस लावलेले पाहून तेव्हाचा मालक म्हणाला होता, दाढ करतोयस की राजवाडा बांधतोयस? राजवाड्याचा आता पाटा झाला होता. फाटा नावापुरता उरला होता, माथा घासून सपाट, आणि कडेला जिथं धातू संपून खरा दात लागतो तिथं एक चीर. त्यानं साच्याखालची चिठ्ठी पुन्हा वाचली. नाव नव्हतं, नाव कधीच नसतं. नंबर, स्त्री, वय सत्तावन्न, आणि डॉक्टरीणबाईंच्या घाईच्या अक्षरात: रात्री दात खाते, झीज फार, पट्टी हवी, लवकर.

शेजारच्या घासायच्या मोटारीवर पॉलिशवाला एका कवळीला चकाकी आणत होता. मास्तर, एवढं काय बघताय, सोन्याचा दात निघाला का, असं त्यानं विचारलं. मास्तरनं चिठ्ठी पुन्हा साच्याखाली सरकवली. दातांच्या या लॅबमध्ये चार माणसं होती आणि चौघांच्या हाताखालून गेल्या दोन वर्षांत जेवढ्या पट्ट्या गेल्या तेवढ्या आधीच्या वीस वर्षांत गेल्या नव्हत्या. पट्टी म्हणजे झोपताना दातांवर चढवायची पारदर्शक टोपी, झोपेत दात खाणाऱ्यांसाठी. पूर्वी महिन्याला दोन निघायच्या, आता आठवड्याला अकरा. एकामागून एक कारखाने आणि ऑफिसं बंद पडत होती. ज्यांची चालू होती त्यांना उद्याचं कुणी सांगत नव्हतं. माणसं दिवसभर एकमेकांना ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणत आणि रात्री दात खात. पॉलिशवाल्याचं म्हणणं असं, की अख्ख्या शहराचा राग आपण नंबर टाकून कपाटात रचून ठेवलाय. या डॉक्टरीणबाईंचं काम पूर्वी दुसऱ्या टोकाच्या लॅबकडे जायचं. ती लॅब तीन आठवड्यांपूर्वी बंद पडली आणि तिच्याकडचे ठशांचे डबे इकडे यायला लागले. म्हणजे बायकोनं सगळं नीट जुळवलं होतं. दोन बस बदलून शहराच्या पार पलीकडचा दवाखाना शोधला होता, जिथून तिच्या तोंडाचा ठसा नवऱ्याच्या टेबलावर येण्याची शक्यताच नव्हती. फक्त लॅब बंद पडेल हे तिच्या हातात नव्हतं.

तेहतीस वर्षं एका पलंगावर. दोघांच्या उश्यांमध्ये वीतभर अंतर. धातूची कॅप घासून सपाट होईल एवढे दात कुणी खात असेल तर त्याचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. हे त्याला धंद्यामुळं माहीत होतं, आणि तरी त्यानं तो कधी ऐकला नव्हता. का ऐकला नव्हता हे आठवलं तेव्हा त्याला साचा खाली ठेवावा लागला. समोरच्याच खणात गुलाबी मेणाचे पत्रे होते. कवळी बसवून बघायला वापरतात ते मेण. तळहाताच्या उबेनं मऊ होतं, दाबाल तसं बसतं. गेली दोन वर्षं तो त्याचे दोन बोळे वळून रोज रात्री दहाला कानांत घालत होता आणि सकाळी साडेसहाला काढत होता. नियम सातवा: झोपेचं रक्षण करा.

दोन वर्षांपूर्वी तो याच टेबलावर कोसळला होता. छातीत कळ आली, हातातली दाढ जमिनीवर पडून टेबलाखाली गेली, आणि पुढचे नऊ दिवस रुग्णालयात गेले. निघताना एका हसऱ्या बाईनं त्याच्या हातात पुस्तिका ठेवली: अनिश्चित काळात मन शांत ठेवण्याचे बारा नियम. तोवर त्यानं आयुष्यात कुणाचा नियम पाळला नव्हता. आठवीत शाळा सोडलेला, दात घडवायला स्वतःच्या चुकांतून शिकलेला, मालकाशी भांडून चार लॅब सोडलेला माणूस. पण मरण बघून आलेला माणूस कुठलीही दोरी धरतो. सव्वापाचला उठणं. बायकोनं ठेवलेलं कोमट पाणी. बरोबर साडेपाचला मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेणं. ही खोली पूर्वी मुलीची होती, ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून रिकामी. तिथं आधी श्वास, मग हातपाय ताणणं, मग डोळे मिटून बसणं, मग वहीत कालच्या तीन चांगल्या गोष्टी लिहिणं. साडेसहाला बाहेर. बातम्या बंद. आणि नववा नियम त्यानं स्वतःच्या अक्षरात मोठ्या कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवला होता: घरात चिंतेचा विषय काढू नये. पुस्तिकेत एवढंच होतं. त्यात ‘कोणीही’ हा शब्द त्यानं आपल्या पदरचा घातला होता आणि खाली दोनदा रेघ मारली होती.

आणि त्याला गुण आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. रक्तदाब खाली आला, रंग परतला, डॉक्टरनं पाठीवर थाप मारली. मग त्याला ज्ञान झाल्यासारखं झालं. लॅबमध्ये तो भेटेल त्याला श्वास शिकवू लागला. ‘मास्तर’ हे नाव तेव्हापासूनचं, पॉलिशवाल्यानं ठेवलेलं, आणि ते कौतुकानं ठेवलेलं नाही हे समजायला त्याला वर्ष लागलं. मुलीलाही त्यानं ती पुस्तिका पाठवली होती. दर रविवारी फोनवर पाच मिनिटं बोलणं व्हायचं. कशी आहेस? मजेत. श्वास लांब घेतेस ना? घेते. पुस्तिका वाचलीस? वाचली बाबा, छान आहे. मग तो समाधानानं फोन बायकोकडे द्यायचा आणि वहीत त्या दिवसाची तिसरी चांगली गोष्ट लिहायचा: ठकी मजेत आहे. एकतीस वर्षांच्या बाईला तो अजून ठकीच म्हणायचा. मन शांत ठेवा म्हणणारी माणसं बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर शांत असतात, हे त्या बारा नियमांत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

दुपारी पॉलिशवाल्यानं तो साचा उचलला आणि सोबत आलेला वरचा जबडा त्यावर बसवून, ज्योतिषी हात बघतो तसा वाचायला घेतला. साच्यावरून माणूस ओळखायचा त्याला नाद होता, आणि दहांतल्या सहा वेळा त्याचं बरोबर निघायचं. ही बाई काहीतरी गिळून बसलीय, तो म्हणाला. वर्षभर तरी. बोलायचं येतं तोंडापर्यंत, मग दात मिटते. नवरा दारुडा असणार, नाहीतर मेलेला असणार.

“नाही,” मास्तर म्हणाला. “नवरा अगदी ठणठणीत आहे.”

पॉलिशवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, साचा हळूच जागेवर ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत एकही विनोद केला नाही.

त्या संध्याकाळी घरी तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला. जेवताना ती उजव्या बाजूनंच चावत होती. घास तोंडात गेल्यावर कानापुढं एक गाठ उठायची आणि बसायची. हे आजचं नव्हतं. जबड्याचा स्नायू असा दोरखंडासारखा व्हायला महिने लागतात. दिवसभर परक्यांच्या तोंडातल्या अर्ध्या केसाएवढ्या फरकावर पोट भरणारा माणूस समोरच्या ताटापलीकडे बघायला विसरला होता. लग्नाआधी ती हसताना तोंडावर हात धरायची, तो मागे सरकलेला दात दिसू नये म्हणून. त्यानं दात रांगेत आणून देतो म्हटलं तर म्हणाली होती, राहू दे, एवढ्यांत तो एकटाच शहाणा आहे, भांडणातून बाजूला झालाय. तेव्हापासून तिनं त्याच्यापुढं हात धरायचं सोडलं होतं. ती शेवटची मोकळी कधी हसली? त्याला आठवेना. चांगल्या गोष्टींच्या दोन भरलेल्या वह्या खोलीत होत्या, त्यांत ते नक्की नव्हतं. त्यानं विचारलं, कसं चाललंय? ती म्हणाली, चाललंय. हा प्रश्नही पुस्तिकेतलाच होता आणि उत्तरही त्याच लायकीचं होतं. त्या रात्री मेणाचे बोळे त्यानं उशाजवळच्या खणातून काढले नाहीत. झोप लागल्यावर थोड्या वेळानं शेजारून आवाज सुरू झाला, दोन फरश्या एकमेकींवर ओढाव्यात तसा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. त्यानं तिच्या गालावर हात ठेवला. हाताखाली जबडा दगड होता. ती जागी झाली नाही, दात मात्र एकमेकांवरून सुटले, आणि हात काढल्यावर पुन्हा मिटले.

सव्वापाचला पाणी तयार होतं. साडेपाचला तो नेहमीसारखा खोलीत गेला, दार लावलं, सतरंजीवर बसला. कान उघडे असले की घर केवढं मोठं होतं. नळ ठिबकत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवत होतं, आणि स्वयंपाकघरात त्याची बायको बोलत होती. हळू, पण न थांबता. त्याला वाटलं, स्वतःशी बोलते. त्यानं दार बोटभर उघडलं.

“बसलीस का? आडवी नको, बस. भिंतीला टेक. हां. आता पाय खाली. एक टाकलास? मग दुसरा टाक त्याच्या शेजारी, तो काय वेगळ्या घरचा आहे? घाई नाही. मी आहे. टाकलास? आता पडदा. सगळा नको. हातभर सार.”

 मग फोनमधून खूप दुरून, पाण्याखालून आल्यासारखा एक आवाज: नाही होत, आई. आणि बायको, जराही आवाज न चढवता, पुन्हा पहिल्यापासून: बसलीयस ना अजून? मग झालं की निम्मं. आता एक हात पडद्यापर्यंत ने. नुसता ने. मास्तरनं दार लावून घेतलं. तो परत जाऊन सतरंजीवर बसला. याची लाज त्याला पुढं दिवसभर पुरली: मुलीचा तो आवाज ऐकून तो बाहेर धावला नाही, जागेवर जाऊन बसला आणि श्वास मोजू लागला, आणि मोजताना आकडे चुकले म्हणून त्याला राग आला. या खोलीच्या कोपऱ्यात ठकी लहानपणी त्यानं आणून दिलेले बिघडलेले साचे मांडायची. प्लास्टरचे जबडे. एक जबडा आजी, एक वाणी, एक बाई शाळेतल्या. त्यांची भांडणं लावायची, दोन्ही आवाज स्वतःच काढायची, घर डोक्यावर घ्यायची. त्या पोरीला आता पाय जमिनीला लावायला कुणीतरी सांगावं लागत होतं, आणि किती दिवसांपासून लागत होतं, देव जाणे. साडेसहाला तो बाहेर आला. चेहऱ्यावर रोजची शांतता होती, हातांनी चढवावी तशी चढवलेली. बायको भांडी लावत होती. झालं का, तिनं रोजच्यासारखं विचारलं. दोन वर्षं तो या प्रश्नाला माया समजत आला होता. आता ती फक्त तिची फोनची वेळ संपली की नाही ते विचारत होती.

लॅबमध्ये त्या दिवशी त्यानं दुसरं कामच घेतलं नाही. पट्टी एरवी तासाभराचं काम आहे. साच्यावर तापवलेला प्लास्टिकचा पत्रा दाबून बसवायचा, कडा कापायच्या, घासायच्या, दोन्ही जबडे मिटून कुठं उंच लागतं ते बघायचं. त्यानं चार तास लावले. कडा हिरडीला टोचू नये म्हणून गुळगुळीत, मग आणखी गुळगुळीत. लॅबच्या मालकिणीनं येऊन विचारलं, मास्तर, या एका पट्टीत काय अडकलंय? तो म्हणाला, ही मी घरी नेतो. असं करता येत नाही, काम दवाखान्यात जातं, डॉक्टरीणबाई पट्टी तोंडात बसवून बघतात, हे त्याला मालकिणीपेक्षा जास्त माहीत होतं. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंना मी फोन करते, म्हणाली, आणि निघून गेली.

जेवणं झाल्यावर त्यानं पट्टीची डबी टेबलावर ठेवली. बायकोनं झाकण उघडलं. आतली पट्टी बघून तिनं ते परत लावलं, मग खुर्ची न घेता उभ्याउभ्याच, ताटं पुसत, तिनं सगळं सांगितलं. एखाद्या शेजाऱ्याचं सांगावं तसं सांगितलं. ठकीचं ऑफिस आठ महिन्यांपूर्वी बंद झालं. दोन महिने तिनं दुसरीकडे खेटे घातले. मग खेटे घालणं सुटलं, मग अंघोळ सुटली, मग उठणं सुटलं. फोनवर मजेत. बायकोला तिचं मजेत पटेना, तेव्हा ती बहिणीकडे जाते सांगून चार दिवस गेली होती ना, ती बहिणीकडे गेलीच नव्हती, ठकीकडे गेली होती. एका खोलीत बंद पडदे, जमिनीवर कपडे, आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून मुलगी. तिनं तिला डॉक्टरकडे नेलं. औषधं चालू आहेत, फरक आहे, पण सकाळी कुणीतरी उठवायला हवं, डॉक्टरनं निक्षून सांगितलंय. एकदा उठली की दुपारपर्यंत टिकते. म्हणून रोज फोन. कधी वीस मिनिटं, कधी पूर्ण तास. पाय, पडदा, नळ, तोंड, कपडे.

मला का नाही सांगितलंस, असं त्यानं विचारलं. आवाजात दुखावल्याचा सूर होता आणि तो त्याचा त्यालाच ऐकू आला. बायकोनं फडक्याचा हात नुसता फ्रिजकडे केला. दोन रेघा मारलेला शब्द तिथून इथवर वाचता येत होता.

“तुम्ही बरे झालात याचं मला वाईट वाटत नाही,” ती म्हणाली. “तुमचं पाणी मीच गरम करत होते. पण तुम्हाला जपायचं आणि तुमच्यापासून लपवून तिला जपायचं, म्हणजे आपलेच दात नि आपलेच ओठ. मी बोलू कुणापाशी?”

मग घरी आण तिला, तो म्हणाला, उद्याच आण. विचारून झालंय, ती म्हणाली. चारदा विचारून झालंय. ती काय म्हणते माहितेय? बाबांचं कसंबसं बसलंय, मी आले की उधळेल.  त्याला राग आला, आणि तो राग त्याच्या ओळखीचा होता, दोन वर्षं डांबून ठेवलेला. पुस्तिकेवर, त्या हसऱ्या बाईवर, बंद पडलेल्या ऑफिसांवर आणि जी माणसं ऑफिसं बंद करून रात्री बिनपट्टीचे झोपतात त्यांच्यावर. उठावं आणि फ्रिजवरचा कागद टराटरा फाडावा असं त्याला वाटलं. पण तेही पुन्हा स्वतःला बरं वाटावं म्हणूनच झालं असतं, आणि तुकडे बायकोनं गोळा केले असते. तो बसून राहिला. बायको जाताना दारात थांबली आणि म्हणाली, उद्या तुम्ही तुमच्या खोलीतच बसायचं. बाहेर यायचं नाही.

“तिला कळलं की तुम्हाला कळलंय, की ती फोन उचलणार नाही. एक दिवस उचलला नाही, तर मी काय करू ते सांगा. तिथं पोचेस्तोवर रात्र होते.”

म्हणून दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो खोलीत बसला तो नियम म्हणून नव्हे, हुकूम म्हणून बसला. वही उघडली नाही. श्वास आपापला चालला होता, त्याला कुणी विचारलं नाही. पलीकडे बायको बोलत होती. बस. भिंतीला टेक. मग पुन्हा, बस. मग पुन्हा. कालच्यापेक्षा आज वाईट होतं, हे त्याला दारामागूनही समजलं. तीच तीन वाक्यं फिरून येत होती आणि दर खेपेला तिचा आवाज थोडा झिजून येत होता. दहा मिनिटं. पंधरा. मग तिचाही आवाज थांबला. तो उठला आणि कडीवर हात ठेवून उभा राहिला. बाहेर गेलो आणि मुलीनं फोन ठेवला, आणि उद्या उचलला नाही, तर? बायको जन्मभर त्याच्याशी बोलणार नाही, बोलली तरी बोलणार नाही. आणि नाही गेलो तर? तर काहीच नाही. नाही गेलो तर सगळं आहे तसं छान चालेल, रक्तदाब खाली राहील, बायको दात खाईल. हे ‘काहीच नाही’ त्याला सगळ्यांत भयंकर वाटलं. पण तरीही पाय हलेना.  शेवटी तो बाहेर आला तो काही ठरवून आला असं म्हणता येणार नाही. उभं राहणं अशक्य झालं, एवढंच.

बायको ओट्याजवळच्या स्टुलावर होती. फोन ओट्यावर, आवाज बारीक करून मोकळा ठेवलेला. तिनं डावा हात गालाखाली दाबून धरला होता. त्याला बघताच तिनं मान जोरानं हलवली: नाही. तो जागच्या जागी थांबला. फोनमधून श्वास ऐकू येत होता, मग ठकीचा सपाट आवाज आला: आई, आज नको. आज सोड मला. बायकोनं तोंड उघडलं. शब्द आले नाहीत. पुन्हा उघडलं. तिचे डोळे त्याच्यावर होते, आणि त्यांत काय नव्हतं? दोन वर्षांचा राग होता, सकाळची राहिलेली झोप होती, तुम्ही काय करणार आहात असा तुच्छ प्रश्न होता. तो काही मागितल्यासारखा तसाच उभा राहिला.  मग तिनं नजर न काढता एका बोटानं फोन त्याच्या दिशेला ढकलला. फार नाही, चार बोटं.

तो ओट्याशी वाकला. बारा नियम एकदम जिभेवर आले. लांब श्वास घे, चांगलं आठव, एक एक दिवस. कडू औषध गिळावं तसे त्यानं ते गिळले, आणि खाली काहीच उरलं नाही.

“ठके,” तो म्हणाला.

पलीकडचा श्वास थांबला. बायकोनं डोळे मिटून घेतले.

“बाबा?”

“हो.”

“आईनं सांगितलं.”

“नाही. मीच ऐकलं दारामागून. काल पण ऐकलं. आणि काल परत जाऊन बसलो.”

“तुमची तब्येत?”

“नको तितकी बरी आहे.”

“रागावलात?”

“नाही. घाबरलोय.”

हा शब्द त्यानं या घरात कधी उच्चारला नव्हता. रुग्णालयातल्या नऊ दिवसांतही नाही. तेव्हाही डॉक्टरला, बायकोला, पोरीला त्यानं ‘काही नाही, ठीक आहे’ हेच सांगितलं होतं. छातीत धडधडत होतं आणि ते त्यानं मोजलं नाही. फोनमधून काहीच येईना. ओट्यावरचा चौकोनी उजेड तेवढा चालू होता. आता ती ठेवणार, त्याला वाटलं. आता टक् होईल, हा उजेड विझेल, आणि जे बायकोनं इतके महिने दातांत धरून ठेवलं ते आपण चार शब्दांत सांडलं. बायको बोटं आवळून बसली होती. तिकडे काहीतरी करकरलं, मग काहीतरी पडलं आणि गडगडत गेलं.

“काय पडलं?” तो घाईनं म्हणाला.

“बाटली. पाय लागला.”

“म्हणजे पाय खाली आहेत,” बायको म्हणाली. आवाज घोगरा होता पण तिचाच होता, चोरी पकडल्यासारखा. पलीकडून नाकातून सुटलेला हवेचा एक फुसकारा आला. त्याला हसणं म्हणायचं धाडस दोघांनीही केलं नाही. बायकोनं फोन स्वतःकडे ओढून घेतला. हां, आता ती बाटली उचल, ती म्हणाली, आणि उठलीच आहेस तर पडदा वाटेतच आहे. मग मास्तरकडे न बघता तिनं हातानंच खूण केली: असे उभे राहू नका, चहा ठेवा.

या वेळेला तो या स्वयंपाकघरात कधी आला नव्हता. साखर कशात असते हे त्याला माहीत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. त्यानं तीन डबे चुकीचे उघडले आणि तिन्हींची झाकणं, आवाज होऊ नये म्हणून, दोन्ही हातांनी लावली.